मोठा जिताडा खाडीतच राहू द्या

उधाणाची भरती भरत आली, पाणी थोपायला दीड-दोन तास उरले, की कुंडलिकेच्या मुखापासून तेरेखोलपर्यंत जवळजवळ प्रत्येक खाडीच्या तोंडाशी गरवणारी, म्हणजे गळ टाकून मासे धरणारी, माणसं दिसायला लागतात. जेटीच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबाशी, खडपाच्या टोकावर. कुणाच्या हातात बाटलीला गुंडाळलेली तंगूस आणि गळाला जिवंत कोळंबी, तर कुणाच्या हातात आठ-नऊ फुटी रॉड, चार हजार नंबरचं रील आणि त्यावर भरलेला विणीचा दोरा, म्हणजे ब्रेड लाइन. कॉलेजातली पोरं असतात, शनिवारी रात्रीच्या गाडीनं गावी आलेले चाकरमानी असतात, नोकरीतून निवृत्त झालेले मास्तर असतात, आणि दिवसभर बोटीवर राबून आलेला एखादा दर्यावर्दीही असतो. 'गरवणं' हे क्रियापद ज्या बोलीत रोजचं आहे, तिथं ही हौस बाहेरून आलेली नाही. रॉड आणि ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, नवे आहेत. पाण्याकडे बघत तासन्‌तास उभं राहण्याची ओढ जुनीच आहे.

ही हौस वाढते आहे आणि ती वाढावी असंच आमचं मत आहे. खाडीवर जीव असणारी माणसं जितकी जास्त, तितकं खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर आणि खारफुटीवर टाकल्या जाणाऱ्या भरावावर लक्ष जास्त. पण या हौसेला आज कसलाही नियम नाही, आणि जो नियम तिला सर्वांत आधी हवा त्याची आपल्याकडे चर्चाही होत नाही. तो नियम म्हणजे वरची मर्यादा: अमुक लांबीपेक्षा मोठा मासा गळाला लागला तर तो ठेवायचा नाही, खाडीत परत सोडायचा.

कायदा आहे, पण त्याचं लक्ष बोटींवर आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. बोट कोणती, जाळं कोणतं, किनाऱ्यापासून किती अंतरावर, कोणत्या महिन्यांत, हे तो बघतो. २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरून धरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आले, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं बंदी घातली, २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. हे सगळं हवंच होतं. मात्र किनाऱ्यावर रॉड घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला परवाना लागत नाही आणि त्यानं किती मासे नेले, केवढे नेले, याची कुठं नोंद होत नाही. शिवाय किमान आकार ही खालची मर्यादा झाली. पिल्लं वाचवायला ती पुरते, पण आई वाचवायला पुरत नाही.

जिताड्याचं उदाहरण घेऊ, कारण गरवणाऱ्यांचा सगळ्यात लाडका मासा तोच. रायगडात जिताडा, सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक. हा मासा पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि खाजणात, चरांत, भाताच्या खाचरांत शिरतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात हीच पिल्लं धरून तळ्यात सोडायची आणि वाढवायची पद्धत जुनी आहे, म्हणून तिथल्या माणसाला हा प्रवास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण पुढची गोष्ट तिथंही फार जणांना ठाऊक नसते. जिताडा वयात येतो तो नर म्हणून. साधारण तीन-चार वर्षांचा, साठेक सेंटिमीटरचा झाला की तो नर म्हणून प्रजननाला तयार होतो. पुढं सहा-आठ वर्षांचा झाल्यावर, ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, त्याच माशाची मादी होते. पाणी आणि खाद्य यांनुसार हे थोडं मागेपुढे होतं, क्रम मात्र हाच.

याचा अर्थ सरळ आहे. मीटरभर लांबीचा, बारा-तेरा किलोचा जिताडा हा बहुतेक वेळा मादी असतो. एवढी मादी एका हंगामात कोटींच्या हिशोबात अंडी देते, आणि तिची जागा घ्यायला दुसरी मादी जन्माला येत नसते. एका नराला सहा-आठ वर्षं जाळी, गळ आणि मेलेलं पाणी चुकवून तिथवर पोचावं लागतं. आपण दोन्ही हातांवर आडवा धरून ज्याच्यासोबत फोटो काढतो, तो नेमका हा मासा. आणि तो गळाला लागण्याची शक्यता सर्वांत जास्त कधी? जून-जुलैत, बोटी वर काढलेल्या असताना, खाडीच्या मुखाशी. बोटींना बंदी असलेल्या दोन महिन्यांत गळांची गर्दी तिथंच होते, जिथं मासा अंडी घालायला येतो.

ऑस्ट्रेलियात या माशाला बॅरामंडी म्हणतात, शास्त्रीय नाव तेच. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामंडी ठेवता येत नाही, तसा समुद्रात-नदीत धरलेला १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे त्यांच्याकडे अंडी घालण्याच्या काळात, तो धरायलाच बंदी असते. हौशी माणसानं धरलेला मासा विकणं गुन्हा आहे. आणि या सगळ्या नियमांसकट बॅरामंडी हा तिथल्या हौशी लोकांचा सर्वांत प्रिय मासा राहिला आहे. नियमांनी हौस मेली नाही.

आपल्याकडे १२० ची मर्यादा ठेवली तर ती कागदावरच राहील. एवढा मासा आपल्या खाड्यांत विरळा. आमच्या मते जिताड्यासाठी ६० ते ८० सेंटिमीटर ही चौकट असावी. त्यातला एक मासा एका माणसानं एका दिवसात न्यावा. ८० सेंटिमीटरचा जिताडा सहा किलोच्या आसपास भरतो. घरच्यांना आणि शेजारच्या दोन घरांना पुरून उरतो. त्याहून मोठा लागला तर परत. जून-जुलैत खाडीच्या मुखाशी लागलेला कुठल्याही आकाराचा जिताडा परत.

हाच आकडा सगळ्या माशांना लावून मात्र चालणार नाही. तांबोशीचं गणित उलटं आहे. खारफुटीच्या मुळांत, पुलाच्या खांबाशी लागणारी तांबोशी ही जवळजवळ नेहमी अल्पवयीन असते. साधारण ५० सेंटिमीटरच्या पुढं गेली की ती खाडी सोडून बाहेरच्या खडकांवर जाते आणि तिथं प्रजनन करते. ती सावकाश वाढते आणि कित्येक दशकं जगते. म्हणजे खाडीत बसून आपण तांबोशीची पिल्लंच धरत असतो, दोन किलोची असली तरी. इथं वरच्या मर्यादेला अर्थ नाही. ४० सेंटिमीटरच्या आतली सोडायची आणि मोठी लागली तरी दिवसाला एकच, हा नियम हवा. गोबऱ्याचं, मुंबईकडच्या हेकरूचं, आणखी वेगळं. तो आधी मादी असतो आणि वय वाढल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. एका खडकावरचे मोठे गोबरे उचलले की मागं नुसत्या माद्या उरतात. गोबऱ्यांतली जी सर्वांत अवाढव्य जात, जायंट ग्रूपर, ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारून फोटो टाकणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं.

आता कुणी विचारेल, हा वरचा नियम जाळेवाल्यांना का नाही? जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, मोठा ठेवला तर पिल्लं निसटतात, ते करता येतं आणि करायलाच हवं. पण मधला मासा धरून मोठा सोडायची सोय बहुतेक जाळ्यांत नाही, आणि जाळं ओढेपर्यंत बराचसा मासा मेलेला असतो. गळाचं तसं नाही. गळाला एका वेळी एक मासा लागतो आणि तो जिवंत हातात येतो. मासा बघून, मोजून, ठरवून सोडण्याची संधी या किनाऱ्यावर फक्त गरवणाऱ्यालाच आहे. ज्याला निवड करता येते त्याच्यावर निवडीची जबाबदारीही येते.

पण सोडलेला मासा जगला पाहिजे. गेल्या काही वर्षांत मासा सोडण्याचं कौतुक वाढलं आहे ही चांगली गोष्ट आहे, तरीही सोडलेल्यांतले किती मासे पाण्याखाली जाऊन मरतात हे काठावरून दिसत नाही. सोडणं हे कसब आहे, आणि ते मासा लागण्याच्या आधीपासून सुरू होतं.

सुरुवात गळापासून. जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लावून बसणाऱ्यानं साधा गळ सोडून सर्कल हुक वापरावा, ४/० ते ६/० आकाराचा. याचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला की दोरा ताणतो, गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. इथं एक अडचण येते. आपल्या हाताला झटका द्यायची सवय आहे. सर्कल हुकला झटका दिला की तो तोंडातून तसाच निसटून येतो, आणि मग लोक म्हणतात हा गळच वाईट. झटका द्यायचा नाही. दोरा ताणू द्यायचा आणि नुसतं रील फिरवत राहायचं. दुकानात घेताना गळ काउंटरच्या सपाट काचेवर आडवा ठेवून बघावा. दांडा आणि टोक दोन्ही काचेला टेकले तर गळ सरळ आहे. टोक बाजूला वर उचललेलं दिसलं तर तो वाकडा आहे, तो माशाच्या घशात किंवा कल्ल्यात रुतू शकतो. स्टेनलेसचे गळ टाळावेत, कारण आत राहिले तर ते गंजून पडत नाहीत.

ल्यूरवाल्यांची अडचण वेगळी. विकत मिळणाऱ्या बहुतेक मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराच्या, ल्यूरला दोन तिहेरी गळ असतात, म्हणजे सहा टोकं. एक तिहेरी तोंडात लागतो आणि मासा डोकं झाडायला लागला की दुसरा डोळ्यात, कल्ल्यात किंवा सोडवणाऱ्याच्या बोटात शिरतो. दोन्ही काढून सरळ रेषेतले एकेरी गळ लावावेत, टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकावा. वजन बदलल्यामुळं तरंगणारी ल्यूर कधी बुडायला लागते किंवा तिची चाल बिघडते. म्हणून आधी बादलीत सोडून बघावी आणि जुन्या तिहेरी गळाच्या वजनाइतकाच एकेरी निवडावा. काटा दाबल्यानं मासे सुटतात अशी तक्रार असते. दोरा ढिला सोडला तर सुटतात, ताण कायम ठेवला तर फारसे सुटत नाहीत.

बारीक दोऱ्यावर मोठा मासा दमवून आणणं याला काही लोक मर्दुमकी समजतात. माशाच्या दृष्टीनं तीच सर्वांत घातक गोष्ट. वीस मिनिटं झुंजलेल्या माशाच्या अंगात लॅक्टिक आम्ल साठतं आणि तो पोहत गेलेला दिसला तरी काही तासांनी मरू शकतो. जिताड्यासाठी ३० पौंडी ब्रेड आणि पुढं एक-दीड मीटर ४० ते ५० पौंडी लीडर, म्हणजे गळाकडचा जाड दोरा, हवाच. लीडर जाड लागण्याचं कारण म्हणजे जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि ओठ पॉलिश पेपरसारखे खरखरीत. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सुटू देणारा ताण, ब्रेड तुटण्याच्या वजनाच्या चौथाई ते तिसरा हिस्सा ठेवावा. ३० पौंडी ब्रेडसाठी हे साडेतीन ते साडेचार किलो होतं. अंदाजानं नाही, स्प्रिंगचा वजनकाटा दोऱ्याला अडकवून ओढून बघावं. एप्रिल-मेमध्ये ओहोटी संपताना उथळ पाणी तापतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो. त्या महिन्यांत पहाटेची भरती धरावी आणि दुपारी गळ टाकू नये.

मासा काठाशी आल्यावर सर्वांत जास्त नुकसान होतं. ओहोटीला जेटी पाण्यापासून तीन-चार मीटर उंच जाते. तिथून सात किलोचा मासा दोऱ्यानं वर ओढला तर जबडा फाटतो. दोरीला बांधून खाली सोडायचं गोल जाळं मिळतं, त्याची जाळी बिनगाठीची किंवा रबराची असावी. गाठींची नायलॉन जाळी खवले आणि पर खरवडते. जाळं नसेल तर पायऱ्यांवर उतरून उभं राहावं, आणि तीही सोय नसेल तर त्या जागी मोठ्या माशासाठी गळ टाकू नये.

माशाच्या अंगावरची बुळबुळ घाण नाही, ती त्याच्या चामडीचं कवच आहे. कोरड्या हातांनी, फडक्यानं किंवा तापलेल्या काँक्रीटवर ठेवल्यानं ती निघून जाते आणि तिथं बुरशी धरते. हात ओले करावेत, ठेवायचाच असेल तर ओल्या गोणपाटावर किंवा रबरी चटईवर. मोठा मासा खालच्या ओठाला धरून उभा लटकवू नये. त्याचं सगळं वजन पाण्यानं पेललेलं असतं. हवेत उभा लटकवला की जबड्याचा सांधा आणि गळ्याखालचं मांस फाटतं, आणि अशा माशाला पुढं भक्ष्य धरता येत नाही. एक हात ओठाला, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. पाण्याबाहेर तीस सेकंदांपेक्षा जास्त नाही. बाहेर काढल्यावर कल्ल्यांच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. म्हणून फोन आधी सुरू करून दुसऱ्याच्या हातात द्यावा, मगच मासा उचलावा.

गळ घशात गेला असेल तर चिमट्यानं उकरू नये. लीडर गळाजवळ कापावा आणि सोडून द्यावा. साधा लोखंडी गळ गंजून पडतो, आणि उकरण्यापेक्षा गळासकट सोडलेले मासे जास्त जगतात. सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून धरावा. त्याला पुढं-मागं ढकलण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती चुकीची. मागं ओढताना कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. फक्त धरून ठेवायचं. तो स्वतः शेपटी मारून हातातून निघाला की काम झालं. कल्ल्यांतून भळाभळा रक्त येत असेल तर तो जगणार नाही, आकार कसलाही असो. तो दिवसाचा मासा समजून घरी न्यावा आणि रॉड गुंडाळावी.

बोटीनं बाहेरच्या खडकांवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. पंधरा-वीस मीटर खोलीवरून गोबरा किंवा तांबोशी वर आली की तिच्या पोटातलं वाताशय, घोळीच्या बाबतीत ज्याला बोत म्हणून सोन्याचा भाव मिळतो ते, फुग्यासारखं फुगतं. डोळे बाहेर येतात, तोंडातून गुलाबी फुगा डोकावतो. तो फुगा म्हणजे जठर, त्याला सुई टोचू नये. असा मासा नुसता सोडला तर पाण्यावर तरंगतो आणि घारी-कावळ्यांच्या तोंडी जातो. त्याला परत खोलीवर पोचवावं लागतं. भाजीचं प्लास्टिकचं क्रेट उलटं करून कडांना दोन-तीन किलो शिसं बांधायचं, वर दोरी लावायची, मासा क्रेटखाली घेऊन तळाकडे सोडायचं. पाण्याच्या दाबानं वाताशय पुन्हा आकसतं, मासा खाली पोहून निघून जातो, क्रेट वर ओढून घ्यायचं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकावरचे मासे धरणाऱ्या बोटीवर असं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई बाळगणं २०२२ मध्ये कायद्यानं बंधनकारक झालं. क्रेटला हवा काढायचं कसब लागत नाही, म्हणून आपल्याकडे क्रेटच बरं.

एवढं सगळं नीट केलं तरी काही मासे मरतातच, आणि याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मिळाला आहे. तिथला स्ट्राइप्ड बास हा मासा म्हणजे किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचं दैवत. १९८० च्या सुमारास तो इतका घटला की १९८४ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि मेरीलँडनं १९८५ पासून पाच वर्षं तो धरण्यावर पूर्ण बंदी घातली. मासा परतला. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. मग पुन्हा घसरण. २०१९ च्या पाहणीत तो पुन्हा अतिशिकारीनं खालावलेला आढळला, आणि या वेळी मारणाऱ्यांत मोठा वाटा हौशी लोकांचा होता. हिशोबात धरतात की सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात. नऊ म्हणजे थोडे वाटतात. पण सोडणारे लाखोंनी असले की काही वर्षांत सोडून मेलेल्या माशांची संख्या घरी नेलेल्यांपेक्षा जास्त झाली. म्हणून २०२० मध्ये तिथं खालची आणि वरची अशी चौकट आली, २०२१ मध्ये आमिषासाठी सर्कल हुक सक्तीचा झाला, आणि २०२३ मध्ये समुद्रावर चौकट २८ ते ३१ इंचांवर, म्हणजे ७१ ते ७९ सेंटिमीटरवर आणली. वरची मर्यादा अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्यांसाठीच आहे.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक, वरच्या मर्यादेसाठी साठा संपायची वाट बघू नये. दोन, सोडतो म्हणून हवे तितके धरावेत असं नाही. सोडलेले मासेही मोजावेत. एका भरतीत पाच जिताडे लागले, पाचही सोडले, तरी तिथं थांबावं.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला कोळीवाड्यातून येतो. बाहेर एलईडी लावून समुद्र उपसतात, ट्रॉलर तळ खरवडतात, आणि तुम्ही दोन मासे धरणाऱ्याला नियम लावता? हा राग खरा आहे. पर्ससीन आणि एलईडीचे नियम पाळले जात नाहीत, त्याचा फटका छोट्या मच्छीमाराला बसतो. पण जिताडा, तांबोशी, गोबरा हे मासे पर्ससीनच्या थव्यांतले नाहीत. ते खाडीचे आणि खडकाचे, आणि तिथं गळ आणि छोटी जाळी यांचाच वावर आहे. बांगडा कुणी संपवला याचं उत्तर जिताड्याला लागू पडत नाही.

कोळीवाड्याची दुसरी तक्रार मात्र आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. हौशी माणसं मासा हॉटेलांना विकतात. पगार घेणारा माणूस पेट्रोलचा खर्च निघावा म्हणून सहा किलोचा जिताडा विकतो, तेव्हा बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचं गिऱ्हाईक जातं, आणि विक्री आली की मोठा मासा सोडायची इच्छाही संपते. हौसेनं धरलेला मासा विकायचा नाही, हा नियम वरच्या मर्यादेइतकाच महत्त्वाचा आहे. उलट, ज्याचं पोट हातगरीवर आहे, जो तंगूस आणि एक गळ घेऊन रोज खाडीवर बसतो, त्याला या नियमांतून वगळावं. त्याची मच्छीमार सोसायटीत नोंद असतेच, नसेल तर करून घ्यावी. पोटासाठी गरवणं आणि हौसेसाठी गरवणं यांना एकाच मापानं मोजणं अन्याय होईल.

आणखी एक प्रश्न खोलवर जातो: खायचा नाही तर माशाला छळता कशाला? याला टाळून जाता येत नाही. आमचं उत्तर असं की दिवसभर वीस मासे धरून सोडणाऱ्यापेक्षा पासष्ट सेंटिमीटरचा एक जिताडा घरी नेऊन खाणारा माणूस खाडीशी जास्त प्रामाणिक आहे. सोडणं हे धरण्याचं निमित्त होऊ नये. जो मासा ठेवायचा नाही तोच लागला म्हणून सोडायचा.

मग हे राबवणार कोण? मत्स्य व्यवसाय विभागाकडे बोटींवर लक्ष ठेवायलाच माणसं पुरत नाहीत, प्रत्येक पुलावर निरीक्षक कुठून येणार. पण गरवणाऱ्यांचं जग लहान आहे. गावागावांत गट आहेत, सामानाची दुकानं ओळखीची आहेत, आणि स्पर्धा भरतात. बदल स्पर्धांपासून व्हावा. आज अनेक स्पर्धांत मेलेला मासा काट्यावर टाकून वजनावर बक्षीस देतात, म्हणजे सर्वांत मोठी मादी मारणाऱ्याला सर्वांत मोठं बक्षीस. ते बंद करून लांबीवर गुण द्यावेत. ओल्या मोजपट्टीवर मासा, तोंड शून्याला टेकलेलं, शेपटी सरळ, एक फोटो, लगेच पाण्यात. प्रत्येकाचे सर्वांत लांब तीन मासे गुणांसाठी मोजायचे, चौथ्यापासून गुण नाहीत. जून-जुलैत खाडीच्या मुखाशी स्पर्धाच भरवू नये.

या मोजमापांचा आणखी एक उपयोग होईल. खाडीतला जिताडा केवढा आहे, वर्षागणिक घटतो की वाढतो, हे सांगेल अशी माहिती बंदरावरच्या नोंदींत येत नाही, कारण तो मासा बंदरावर उतरतच नाही. प्रत्येक स्पर्धेच्या लांब्या, जागा, तारीख आणि भरतीची वेळ रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडे दर वर्षी पाठवल्या, तर पाच वर्षांत आकडे बोलायला लागतील. मग ६० ते ८० ही आमची चौकट बरोबर आहे की ती बदलायला हवी, हेही कळेल.

शासनानं अधिसूचना काढायची तेव्हा काढावी. तोपर्यंत एक काम आजच करता येईल. रॉडच्या बुंध्यापासून मोजून ६० सेंटिमीटरवर पांढऱ्या आणि ८० वर लाल इन्शुलेशन टेपचा वेढा मारावा, आणि वर पारदर्शक नखपॉलिश लावावं, म्हणजे खाऱ्या पाण्यानं टेप सुटणार नाही. पायऱ्यांशी आलेला जिताडा पाण्यातच ठेवून रॉडचा बुंधा त्याच्या नाकाशी धरायचा. शेपटी लाल पट्टीच्या पुढं गेली, तर त्याला वर उचलायचंच नाही. पकडीनं गळ फिरवून तिथंच सोडवायचा.